अक्काची गोळी कुठवर पोचली

नाशिकला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, पंचवटी केली का, त्र्यंबकला जाऊन आलात का, चिवडा आणला का. मी तिकडे चांगले दहा दिवस होतो आणि यातलं काहीच केलं नाही. मी पाहिलं ते माझ्या थोरल्या बहिणीचं पोट. तेही बाहेरूनच, एका पडद्यावर, हिरव्या ठिपक्याच्या मागे डोळे लावून. परत आल्यावर शेजारच्या कापडवाल्याला हे सांगितलं, तर त्याने माझ्याकडे काळजीने बघितलं आणि चहा मागवला. म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे.

आधी माझ्याविषयी. इचलकरंजीत माझं मेडिकलचं दुकान आहे. पस्तीस वर्षं मी काउंटरमागे उभा आहे. गिऱ्हाईक आलं की गोळ्या कापायच्या, पाकिटात घालायच्या, वर पेनाने सकाळचा सूर्य आणि रात्रीचा चंद्र काढायचा आणि शेवटी सांगायचं, "काहीतरी खाऊन घ्या." हे शेवटचं वाक्य मी फुकट देतो आणि त्याचीच गिऱ्हाइकांना जास्त किंमत. गोळी त्यांच्या तोंडात गेली की तिचा माझा संबंध संपला. लेक सासरी गेल्यावर बाप निदान पोचलीस का म्हणून फोन करतो. मी तेवढंही कधी केलं नव्हतं.

निफाड

अक्का निफाडजवळच्या एका गावात दिलेली. दाजी जाऊन काही वर्षं झाली. घरात तिचा मुलगा सोपान, सून मनीषा आणि दारापुढे द्राक्षाची बाग. मी पोचलो तो डिसेंबरचा दुसरा आठवडा. निफाडची थंडी वर्तमानपत्रात वाचली होती, पण अंगावर घेतली नव्हती. आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी पंखा बंद करायचा. इथे मी बिनबाह्यांचा स्वेटर घालून उतरलो आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी सगळी ऐट गेली. पहाटे बागेत ओळीओळीने धूर दिसला. मला वाटलं, माणसं शेकत बसली आहेत. जवळ जाऊन बघतो तर तिथे कुणीच नाही. शेकोट्या द्राक्षांसाठी होत्या. सोपान कानटोपीतून म्हणाला, "मामा, माणूस कुडकुडला तर काय व्हत नाय. मणी तडकला तर गेला."

अक्काला कंपवात आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं हात कापतो एवढंच. तिचं उलटं. हात कापतो तो वेळ बरा, कारण मग निदान हलतो तरी. वाईट वेळ येते तेव्हा हात धरून ठेवल्यासारखा जागच्या जागी थांबतो. घास वाटीत, बोटं वाटीत आणि अक्का वाटीकडे बघत बसलेली. गोळी लागू पडली की तीच अक्का उठते, चालते, सुनेला चार शब्द सुनावते. पंचाईत अशी की गोळी कधी आठ वाजता लागू पडायची, कधी अकराला, कधी पडायचीच नाही. दिवसात चार गोळ्या आणि कुठलीच भरवशाची नाही.

या बागेत घड विरळ करण्याच्या कामाला सगळे थिनिंग म्हणतात. बारीक कात्रीने घडातले नको ते मणी काढायचे, म्हणजे राहिलेले पोसतात. पेठ-सुरगाण्याकडून बायकांच्या टोळ्या येतात. त्या सगळ्यांना हे काम अक्काने शिकवलेलं. गेल्या हंगामात तिचा हात घडातच थांबला, कात्री मिटेना, आणि सोपानने ती हळूच काढून घेतली. तेव्हापासून ती कात्री देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. अक्का कात्रीबद्दल बोलत नाही. फक्त बायका कामाला आल्या की ओट्यावर बसून त्यांच्या हातांकडे बघत राहते.

"आता गोळ्या लागूच व्हत नाय," सोपान मला म्हणाला. "मोठ्या डॉक्टरांनी मुंबईची तारीख घेतली. डोक्याला भोक पाडून आत तारा बसवायच्या. जानेवारीत."

अक्का जमिनीकडे बघून म्हणाली, "मला नाय भोक पाडून घ्यायचं, वसंता."

त्याच मोठ्या डॉक्टरांनी एक अट घातली होती. ऑपरेशनआधी नाशिकला एक तपासणी करून घ्या. गोळी गिळल्यावर पोटातून कशी आणि किती वेळात पुढे जाते, ते सुई न टोचता, नळी न घालता बघतात. गोळी वेळेवर पोचूनही हात हलत नसेल तर ऑपरेशन. पोचतच नसेल तर मग वेगळा विचार. त्यासाठीच मला बोलावलं होतं. घरात औषधातलं कळणारा माणूस म्हणजे मी.

आणि माझा मान इथे केवढा, ते स्वयंपाकघरात गेल्यावर कळलं. ओट्याच्या वर, भिंतीला, औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा चिकटवलेला. वर प्लास्टिक. त्यावर माझं अक्षर: "गोळी कधीही रिकाम्या पोटी नाही. आधी पोटभर नाश्ता. गोळी दुधाबरोबर. – वसंत." अक्काला पहिल्यांदा गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिला मळमळायचं. तेव्हा मी आलो होतो आणि जाताना हे लिहून ठेवलं होतं. मी विसरलो होतो, घर विसरलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचे डाग होते. मनीषा म्हणाली, "दसऱ्याला कात्र्या, फवारणीचा पंप, सगळ्यांना लावते ना मामा, मग यालाबी लावते."

मला अतिशय बरं वाटलं. मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला.

नाशिक, पहिली गोळी

तपासणीचं केंद्र शहराबाहेर होतं, नव्या इमारतीत, जिथे लिफ्ट चालू होती आणि पाणी बंद होतं. देवरे मॅडम तिथल्या डॉक्टर. वयाने लहान, आवाज शांत. त्यांनी आधी अक्कापुढे संमतीपत्र ठेवलं. ते मराठीत आहे असं वर लिहिलं होतं. पहिल्या वाक्याला कर्ता होता, क्रियापद पुढच्या पानावर होतं. मी मोठ्याने वाचत होतो आणि अक्का प्रत्येक ओळीला मान डोलवत होती. शेवटी मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं.

"आजी, ही बघा, ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी. हिच्यात औषध नाही, नुसतं एवढंसं लोहचुंबक आहे. तुमच्या नेहमीच्या गोळीबरोबर ही गिळायची. अंगात हे जाकीट घालायचं. जाकिटातली यंत्रं चुंबक कुठे आहे ते ओळखतात आणि तो पडद्यावर दिसतो. दुखत नाही, काही नाही. एक-दोन दिवसांनी आपोआप बाहेर पडते."

"म्हंजे ती गोळी पुढं चालती आन आपली गोळी तिच्यासंगं," अक्का म्हणाली.

"साधारण तसंच. अगदी बरोबर सोबत नाही, पण अंदाज येतो."

मग आमची झडती सुरू झाली. चुंबकाजवळ लोखंड चालत नाही. तिथे हिरामण नावाचा तंत्रज्ञ होता, सटाण्याकडचा. त्याने माझा पट्टा काढून घेतला, किल्ल्या घेतल्या, मोबाइल घेतला आणि मनीषाच्या हातातला पाचताळी डबा बघून दोन पावलं मागे सरला. अक्काला लाकडी खाटेवर निजवलं. तिला घालायला दिलेल्या गाऊनला गळ्याशी गुंडी नव्हती. तपासणीला रात्रीपासून उपास हवा होता. मनीषा रात्रीपासून तीनदा म्हणाली होती, उपाशी माणसाला गोळी द्यायची म्हणजे पोटात आग पडेल, मामा तुम्ही सांगा ना त्यांना. मी सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, "आज आमच्या पद्धतीने. पुढच्या वेळी तुमच्या घरच्या पद्धतीने. दोन्ही बघू."

सात वाजता अक्काने साध्या पाण्याबरोबर दोन्ही गोळ्या गिळल्या. पडद्यावर माणसाच्या धडाची आकृती आणि त्यात एक हिरवा ठिपका. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत बसलो. दर दहा मिनिटांनी मॅडम अक्काला अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर टेकवायला सांगायच्या. बोटं उघडायची आणि तिथेच थांबायची.

वीस मिनिटांनी अक्काला लघवीला नेलं, परत आणून निजवलं, आणि पडद्यावर गोंधळ उडाला. ठिपका पोटातून उठला आणि थेट खांद्यात गेला.

सोपान उठून उभा राहिला. हिरामण बटणं दाबायला लागला. मी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं की काही गोळ्या हृदयाकडे जातात. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि अक्काच्या गाऊनचा गळा उलटून बघितला. तिथे सेफ्टी पिन होती. गुंडी नाही म्हटल्यावर अक्काने बाथरूममध्ये मनीषाच्या बांगडीतली पिन घेऊन लावून टाकली होती. मनीषाचे हात आम्ही तपासलेच नव्हते, आणि तिच्या बांगड्यांना आणखी चार पिना लटकत होत्या.

"असं उघड्या गळ्यानं निजू काय पुरुषांम्होरं?" अक्का म्हणाली. मॅडमनी गाऊनला चिकटपट्टी लावली. त्या केंद्रात सगळ्यात उपयोगाची ती एकच वस्तू निघाली असावी.

पिन काढल्यावर ठिपका पोटात परत आला, आणि आल्या आल्या चालू लागला. चाळीस मिनिटांच्या सुमारास तो पोटाच्या खालच्या दारातून निघाला आणि वळणं घेत लहान आतड्यात शिरला. मॅडम म्हणाल्या, "या गोळीचं खरं काम इथे. पोटात ती नुसती थांबलेली असते." पुढच्या अर्ध्या तासात अक्काची बोटं मोकळी झाली. टक, टक, टक. मॅडमनी पुरे म्हटलं तरी ती वाजवत राहिली. मग ती उठून बसली, अंबाडा सोडला आणि स्वतःच्या हाताने वेणी घातली. शेवटपर्यंत. मनीषा गेली दोन वर्षं तिची वेणी घालत होती. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली, आणि मलाही पडदा नीट दिसेना.

गाडीत बसताना मात्र सोपान म्हणाला, "आज योगानं लागू पडली. तिथं एसी व्हता, म्हणून."

मीही मान डोलावली. रिकाम्या पोटी गोळी लागू पडली हे मान्य करायला माझं मन तयार नव्हतं.

सातपूर

दुसरी तपासणी पहिली चुंबकाची गोळी बाहेर पडल्याशिवाय होणार नव्हती. म्हणजे आता वाट बघणं आलं. मी आयुष्यात पाहुण्यांची वाट पाहिली आहे, निकालाची पाहिली आहे, पण ही वाट वेगळी. भावकीत बातमी गेलीच होती. पिंपळगावहून अक्काच्या नणंदेचा फोन सकाळ-संध्याकाळ यायचा, रामराम न करता थेट, "आली का?" दूध घालायला येणारा माणूस दारातून तेच विचारायचा. अक्का चिडून म्हणाली, "सोपान व्हायचा होता तवाबी इतक्यांदा इचारलं नव्हतं."

त्या मधल्या दिवसांत हिरामणबरोबर सातपूरला गेलो. जाकिटातली एक तार सुटली होती आणि ती जाकिटं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात बनतात. पाळी सुटायची वेळ होती, मोटरसायकलींचा लोंढा आमच्या अंगावर येत होता आणि हिरामण त्यातून उलटा गाडी काढत होता. कारखाना म्हणजे एक गाळा. एका बाजूला दुचाकीच्या स्टँडचे सुटे भाग, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, त्यावर एक बाई जाकिटाला अस्तर लावत होती. माणसाच्या आतड्याचा शोध आणि गाडीचा स्टँड एकाच छपराखाली तयार होतो हे बघून मला बरं वाटलं.

मालक मोरे साठीचे, बोलके. आम्हाला लगेच मिसळीला घेऊन गेले. आता मी कोल्हापूरकडचा. मिसळ आम्ही शोधली अशी आमची समजूत, आणि नाशिककरांची तशीच. आमच्याकडे कट लाल, बरोबर ब्रेडच्या स्लाइस, आणि घाम आला नाही तर दुकानदाराला अपमान वाटतो. इथे काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, पापड, दही, कांदा आणि वर जिलेबी. मिसळीबरोबर जिलेबी बघून मी आधी हसलो, मग दोन खाल्ल्या. चव चांगली होती. इचलकरंजीत हे कुणाला सांगणार नाही.

खाऊन झाल्यावर मोऱ्यांनी खिशातून पित्ताची गोळी काढली. "काका, तुम्ही मेडिकलवाले. ही जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर? कितीबी घेतली तरी जळजळ जात नाय."

"नंतर," मी म्हणालो. विचार करायची गरजच पडली नाही. तोंडाला सवय आहे.

हिरामणने ती पट्टी उचलून उलटी केली. तिच्या मागे त्यांच्या दुकानदाराने चिठ्ठी डकवली होती. "पण आठे त जेवनना आधी लिखेल शे," तो म्हणाला. घाईत तो सटाण्याच्या बोलीत बोलतो. मग माझ्याकडे बघून शहरी मराठीत म्हणाला, "म्हणजे इथे तर जेवणाआधी लिहिलंय. पण असेल, काका. तुम्हाला जास्त माहीत."

मोऱ्यांनी गोळी खिशात परत ठेवली. मी जिलेबीच्या पाकाचं बोट पुसत राहिलो. परत येताना मला सोपानच्या घरातला पुठ्ठा आठवत होता आणि मी तो आठवायचा नाही असं ठरवत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मनीषाने ओट्यावरून ओरडून सांगितलं, "मामा, आली." दूधवाल्याने रस्त्यावरूनच पिंपळगावला फोन लावला.

नाशिक, दुसरी गोळी

या वेळी घरच्या पद्धतीने. मनीषाने पहाटे चारला उठून तयारी केली होती. पाचताळी डबा लांबच्या टेबलावर ठेवून तिने एकेक पदार्थ वाढायला घेतला. बाजरीची भाकरी, लोणी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, दह्याची वाटी आणि शेवटी म्हशीच्या दुधाचा काठोकाठ भरलेला मोठा पेला, वर साय.

"रोज एवढं खाता, आजी?" मॅडमनी विचारलं.

"रोज," मनीषा अभिमानाने म्हणाली. "एक दिवस खाडा नाय. पावणेसातला जेवण, सातला गोळी. घड्याळ लावून."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. सात वाजता अक्काने दोन्ही गोळ्या दुधाबरोबर घेतल्या, दुधाची मिशी पुसली आणि आडवी झाली. ठिपका पोटात उतरला.

आणि तिथेच राहिला.

अर्धा तास. एक तास. ठिपका डावीकडे जायचा, उजवीकडे यायचा, खालच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचा. आम्ही पुढे वाकायचो, परत मागे टेकायचो. दीड तासाने अक्काची बोटं थांबली. सकाळची थोडी हालचाल होती तीही गेली. तिचं नाक खाजत होतं आणि तिला हात वर नेता येत नव्हता. ते मला उशिरा कळलं. मी तिचं नाक खाजवून दिलं. लहानपणी ती माझ्यासाठी काय काय करायची ते मला त्या वेळी आठवलं आणि मी पडद्याकडे बघणं सोडून दिलं.

तीन तास झाले. ठिपका अजून पोटातच.

"बघा," मॅडम सोपानला म्हणाल्या. "औषध बिघडलेलं नाही, ते दारातून पुढे जातच नाही. भरलेलं पोट लवकर दार उघडत नाही, आणि या आजारात पोट तसंही मंद होतं. उघडलं तरी दूध, उसळ, दाणे हे सगळे आतड्यातून रक्तात त्याच वाटेने शिरायला बघतात आणि औषधाला ढकलतात. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर. डॉक्टरांनी गोळी वेळेवर घेता का विचारलं, तुम्ही हो म्हणालात. तेही खरंच होतं." त्या थांबल्या. "पण दुधाबरोबर, जेवणावर, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. सोपानने खिडकीकडे पाहिलं.

खाटेवरून अक्काचा आवाज आला. तोंडही नीट उघडत नव्हतं, तरी ती म्हणाली, "कुनी नाय सांगितलं. आमच्यात रीतच हाय. गोळ्या गरम पडत्यात, म्हणून दूध."

तिने मला झाकलं. हात हलत नव्हता, जीभ जड झाली होती, आणि ती मला झाकत होती. मला लाज वाटली. दुकानात कधी गोळी संपली तर वाटते तशी नाही, खरी.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "मळमळ होत होती तेव्हा. लिहून दिलं होतं. नंतर परत कधी विचारलं नाही."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी अक्काची जुनी फाईल उघडली आणि तळाचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. मोठ्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी. "सुरुवातीला मळमळ झाली तर बिस्किटाबरोबर चालतं, काका. कायम नाही. यात लिहिलंय, पण अक्षर बघा, यांना कसं वाचता येणार."

यांना येणार नव्हतं. मला एका नजरेत आलं. असलं अक्षर वाचून माझं घर चाललं आहे. "रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास, पाण्यासोबत." मळमळीसाठी बिस्किटाचं वेगळं. सगळं होतं. तेव्हा मी त्या घरात राहून गेलो, फाईल कपाटात होती, आणि मी ती उघडली नाही. मला सगळं माहीतच होतं.

मॅडमनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. जानेवारीची तारीख रद्द झाली. दोन महिने गोळी नीट घेऊन बघायची, मग ठरवायचं. ऑपरेशन कधीच लागणार नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. अक्काने तेवढंच ऐकलं जेवढं तिला हवं होतं, आणि डोळे मिटले.

पुन्हा निफाड

वाटलं होतं, आता सोपं आहे. सकाळी सातला गोळी द्यायची, अर्धा तास काही द्यायचं नाही. पण या घरात अक्का जेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. अक्का बसली म्हणून सोपान बसला, सोपान बसला म्हणून मनीषा, आणि आम्ही बसलो म्हणून थिनिंगला आलेल्या बायकाही चहाचे कप तसेच ठेवून ओट्यावर बसल्या. बारा माणसं उपाशी अक्काकडे बघत होती. पहिल्या दहा मिनिटांत मनीषा दोनदा उठली. "एक बिस्किट तरी," ती म्हणाली. पिंपळगावहून फोन आला, थेट, "निस्त्या पाण्यावर ठेवलंय म्हणं तिला?"

"दहा मिन्टं राहिलीत," सोपानने सांगितलं आणि फोन ठेवला.

आठच्या सुमाराला अक्का उठली. देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि कात्री घेऊन बागेत गेली. आम्ही मागे मागे. पहिल्याच वेलीशी उभी राहून तिने एक घड डाव्या हातावर घेतला. कात्री चालू लागली. बारीक हिरवे मणी तिच्या पायाशी पडत होते. पेठकडच्या एका बाईने आपला घड पुढे केला आणि हे बरोबर आहे का म्हणून विचारलं, तेव्हा अक्का म्हणाली, "लय ठिवले गं. हे पोसायचे नाय." मला रडू आलं, आणि निफाडच्या थंडीत नाक गळतं असं मी सोपानला सांगितलं.

घरात येऊन मी सरळ ओट्याशी गेलो आणि पुठ्ठा ओरबाडून काढला. फाडणार तेवढ्यात अक्काने तो हातातून घेतला. उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेन मागितलं. गेल्या दोन वर्षांत तिचं अक्षर मोहरीएवढं झालं होतं, तेही पुरं व्हायचं नाही. आता तिने टेबलावर पुठ्ठा ठेवून मोठं, गोल, पाटीवरचं अक्षर काढलं: "सात वाजता गोळी. नुसतं पाणी. अर्धा तास कोणी काही देऊ नये."

मग पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"खाली सही कर," ती म्हणाली.

"माझी कशाला, अक्का? तूच लिहिलंयस."

"माझं कोण ऐकतंय या घरात. तुझी सही असली की दसऱ्याला कुंकूबी लावत्यात."

ती पेन धरून थांबली होती आणि तिचा हात अगदी स्थिर होता. मी सही केली. आणि सवयीने शेजारी सकाळचा सूर्य काढला.